उन्हाळ्यात ट्रकवाले दुपारी झोपतात तरी कसे? बाबांसाठी उपाय हवाय

कापूसकोंडी | २२ एप्रिल २०२५, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

माझे बाबा ट्रक चालवतात, चौदा चाकी, गाडी शेठची. अकोल्याहून नागपूर, तिथून ४४ नंबरच्या हायवेने खाली हैदराबाद, परत येताना मिळेल तो माल. वय ५६. उन्हाळ्यात हे लोक शक्यतो रात्री गाडी चालवतात कारण दिवसा डांबर तापून टायर फुटायची भीती, म्हणजे झोपेची वेळ येते ती दुपारी बारा ते पाच आणि झोपायची जागा केबिन. टायर थंड राहावेत म्हणून माणसाने भट्टीत झोपायचं असा सगळा हिशोब.

परवा रविवारी गाडी घरासमोर उभी होती, मी गंमत म्हणून माझं ते तापमान दाखवणारं छोटं घड्याळ केबिनमध्ये ठेवून आले. दुपारी सव्वादोनला काचा अर्ध्या उघड्या असताना ४९. सावलीत ओट्यावर ४३. मी आत दहा मिनिटं बसले आणि रेक्झिनच्या सीटला पाय चिकटले. बाबांना विचारलं झोपता कसं, तर म्हणाले "झोप आली की झोपतो".

ऑनलाइन ते टपावर बसवायचे पार्किंग एसी दिसतात, इंजिन बंद ठेवून बॅटरीवर चालणारे. मला ७० हजार सांगितले. माझी घ्यायची तयारी आहे. कोणी वापरलाय का, खरंच चालतो का? बाबा म्हणतात तू आधी लग्न कर, एसीचं मग पाहू.

हिंगणघाटचा_वस्ताद | २२ एप्रिल, रात्री ११:५५

ताई एसीचं मागून बोलू, पहिले बाबाले विचार का ते गाडीखाली झोपते का. झोपत असन तर उद्यापासून बंद. मी सव्वीस वर्षं गाडी चालवली, गुडघे गेले म्हून आता घरी बसलो. मेच्या शेवटी आपल्या इकडं सूर्य बराबर डोक्यावर येते, नागपुरात २६ मेच्या आसपास तर दुपारी उभ्या काठीची सावली पडत नाही, मंग ट्रकची सावली कुठं पडन? ट्रकच्या खालीच. म्हून पोरं चादर घेऊन चाकाच्या मधात शिरते, खालून वारं लागते, झोप बी मस्त लागते. काही जण तर चेसीले झोळी बांधून लटकते. आन दुसरा ड्रायव्हर येते, खाली वाकून पाहत नाही, स्टार्टर मारून गाडी पुढं घेते. पांढरकवड्याच्या अलीकडं एका धाब्यावर मी हे डोळ्यानं पाह्यलं. पोरगं बिहारकडचं होतं, बावीस-तेवीस वर्षाचं. त्या दिवसापासून मी काही गाडीखाली गेलो नाही, घामानं मेलो तरी चालन.

आता कामाचं. गाडी लावतांनी तोंड पूर्वेले करायचं. दुपारून ऊन पश्चिमेकडून येते, मागचा माल ताडपत्रीसकट उंच असते, त्याची सावली केबिनवर पडते आन समोरची काच वाचते. चार वाजता फरक समजते. लोक काय करते, धाब्यात जशी घुसली तशी लावून देते, मंग काचेतून आग येते.

दुसरं, गाडी लावल्या लावल्या आडवं व्हायचं नाही. इंजिन आपल्या बुडाखाली असते. बंद केलं का पाणी फिरणं थांबते, आन आतली गर्मी वर येते, अर्धा-पाऊण तास बॉनेट, म्हणजे केबिनातलं इंजिनवरचं झाकण, आणखीनच तापते. तेवढ्यात आंघोळ, जेवण, डबा धुणं उरकून घ्यायचं. मंग झोपायचं. बॉनेटवर नमदा टाकायचा, जाड, नाही मिळाला तर घरची जुनी गोधडी चार घड्या करून. पाणी टाकायचं नाही बरं का बॉनेटवर, आमच्या एका क्लिनरनं टाकलं होतं, वायरिंग गेलं.

सदाशिव_उवाच | २३ एप्रिल, सकाळी ८:१०

एक भाबडी शंका, ते थंड कंटेनरवाले ट्रक असतात ना, द्राक्षं डाळिंबं नेणारे, त्यांचे ड्रायव्हर मागे जाऊन का झोपत नाहीत? मागे ४ डिग्री, पुढे ४४, मधली भिंत फक्त चार बोटांची 😄

उरण_ते_उधमपूर | २३ एप्रिल, सकाळी ९:३२

@सदाशिव_उवाच हसू नका, असे विचार करणारे खरंच असतात. मी सहा वर्षं रीफर चालवलाय. तो डबा हवाबंद असतो, दार बाहेरून लागतं, माल सीलबंद असतो, आणि घामेजलेला माणूस चार डिग्रीत झोपला तर उठेल याची खात्री नाही. पण तुम्ही म्हणताय ती चीड मात्र खरी. मागच्या डाळिंबासाठी वेगळं युनिट, त्याला वेगळं डिझेल, तापमानाचा रेकॉर्ड निघतो, दोन डिग्री इकडे तिकडे झालं की फोन येतो. पुढे ड्रायव्हर शिजतोय त्याचा रेकॉर्ड कोण ठेवतंय.

आणि विदर्भवाल्यांनो, तुमचं ४४ कोरडं आहे हो, ओला दुपट्टा टाकला की निदान गार तरी वाटतं. आमच्या उरणच्या जेएनपीटी बंदराच्या लायनीत या एकदा मेमध्ये. पारा ३४-३५ फक्त, पण हवा अशी दमट की ओला पंचा तीन तासांनीपण ओलाच. पाणी वाळलंच नाही तर गारवा कुठून येणार? लायन दर वीस मिनिटांनी एक गाडी पुढे सरकते त्यामुळे झोपपण लागत नाही, डोळा लागला की मागचा हॉर्न. तिथे कूलरबिलर काही उपयोगाचं नाही, तिथे एसी नाहीतर झाड.

बॅटरी_बंधू | २३ एप्रिल, दुपारी १:१५

ताई, ऑटो इलेक्ट्रिशियन आहे, ट्रकचीच कामं करतो, म्हणून ७० हजार घालवायच्या आधी हे गणित बघा. पार्किंग एसी साधारण ८०० वॉट धरा, गाडी २४ व्होल्टची, म्हणजे ३३ अँपिअर. बाबांच्या गाडीत १५० एएचच्या (एएच म्हणजे अँपिअर-तास) दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये असतील. साध्या लेड अॅसिड बॅटरीतून निम्म्यापेक्षा जास्त काढली की ती लवकर मरते, म्हणजे हाताशी आले ७५ एएच. ७५ भागिले ३३, सव्वादोन तास. तेसुद्धा बॅटरी नवी असली तर. बाबांना झोपायचंय पाच तास. आणि संध्याकाळी स्टार्टर मारायला करंट नको का? चांगल्या एसीत लो व्होल्टेज कट-ऑफ असतो, तो एसी बंद करतो आणि स्टार्टिंगपुरतं ठेवतो, स्वस्तातल्या मालात तो नुसता कागदावर असतो. अशा दोन गाड्यांना मीच रात्री जाऊन जम्प दिलाय.

नीट करायचं तर वेगळी लिथियम बॅटरी, तिचा वेगळा चार्जर, टपावर जमलं तर सोलर. मग ७० चे दीड लाख होतात. आणि गाडी तुमची नाही, शेठची. उद्या बाबांनी नोकरी सोडली तर टपावरचा एसी काढून घरी नेणार का?

अजून एक, पंख्याबद्दल. बरेच जण १२ व्होल्टचा स्वस्त कारचा पंखा आणतात आणि दोनातल्या एका बॅटरीवरून वायर काढतात. असं करू नका. एक बॅटरी जास्त उतरते, दुसरी जास्त चार्ज होते आणि सहा महिन्यांत दोन्ही बाद. २४ चाच पंखा घ्या नाहीतर मध्ये कन्व्हर्टर टाका, आणि फ्यूज विसरू नका.

कापूसकोंडी | २३ एप्रिल, दुपारी २:०५

बापरे, एवढं कोणी दुकानात सांगितलं नव्हतं. @बॅटरी_बंधू खूप आभार. @वस्ताद काका, बाबांना फोन केला, गाडीखाली झोपत नाही म्हणाले पण आधी दोन सेकंद थांबले, मला कळलं काय ते.

मग इंजिन चालू ठेवून गाडीचाच एसी लावला तर? नव्या गाड्यांना येतोच ना आता?

शेठजी_नव्हे_शेटे | २३ एप्रिल, दुपारी ४:५०

माझ्या चार गाड्या आहेत, दोन एसीच्या. हो, डिसेंबर २०२३ ला अधिसूचना निघालीय, १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या सगळ्या मालट्रकना केबिनमध्ये एसी सक्तीचा. गडकरी साहेब नागपूरचे, त्यांना उन्हाचं वेगळं सांगायला नको. पण जुन्या गाड्यांना तो नियम नाही, आणि जुन्या गाड्याच जास्त धावतात रस्त्यावर.

उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवून एसी लावला की माझ्या गाडीत तासाला दोन लिटरच्या आसपास जातात. पाच तास झोप म्हणजे दहा लिटर, ९०० रुपयांच्या वर. एका झोपेला! खेपेत तीन झोपा. भाड्यात सुटतं किती ते विचारा एकदा. मी ड्रायव्हरच्या विरोधात नाही, पण लोक इथे शेठ म्हणजे राक्षस असं लिहितात म्हणून सांगितलं.

हिंगणघाटचा_वस्ताद | २३ एप्रिल, रात्री ९:२०

शेटे साहेब राक्षस कोणी म्हटलं नाही तुमाले. पण पुरं सांगा ना. खेपेचं डिझेल तुमी बांधून देता का नाही? म्हणजे नागपूर-हैदराबाद इतकं लिटर, वाचलं ते ड्रायव्हरचं, कमी पडलं तर ड्रायव्हरच्या भत्त्यातून. मंग गाडीत एसी असो का बर्फाचा कारखाना असो, ड्रायव्हर बटन दाबन का? मी माह्या शेवटच्या दोन वर्षं एसीवाली गाडी चालवली, चढावर तर नाहीच, झोपतांनी बी नाही लावला. काचा खाली, पाय खिडकीतून बाहेर. एसीच्या जाळीत पोरीनं दिलेला गणपती अडकवला होता.

शेठजी_नव्हे_शेटे | २३ एप्रिल, रात्री १०:०२

बांधून देतो, खरं आहे. नाही दिलं तर अर्धं डिझेल वाटेत विकलं जातं हेपण खरं आहे, नाही का वस्ताद?

हिंगणघाटचा_वस्ताद | २३ एप्रिल, रात्री १०:१५

जाते, नाही कुठं म्हटलं. सगळेच नाही विकत.

उरण_ते_उधमपूर | २३ एप्रिल, रात्री ११:३०

डिझेलवरून आठवलं, लोक विचारतात केबिनमध्येच का झोपता, बाहेर धाब्यावर खाट टाका, पंख्याखाली झोपा. झोपलो असतो हो! पण टाकीतलं डिझेल, बॅटऱ्या, स्टेपनी, ताडपत्री, सगळ्यावर कोणाची तरी नजर असते. एकदा एका घाटाच्या पुढे तासभर खाटेवर डोळा लागला तर उठून बघतो तर टाकीचं झाकण गवतात. पूर्वी क्लिनर असायचा, एक झोपला की एक जागा. आता बऱ्याच गाड्यांवर ड्रायव्हर एकटा. म्हणून खाट असली तरी ती टाकीच्या बाजूलाच ओढून झोपायचं, तिथे सावली असो नसो.

सरकारी तेल कंपन्यांनी काही पंपांवर ट्रकवाल्यांसाठी 'अपना घर' काढलीयत, दहा ते तीस बेडची डॉर्मिटरी, आंघोळीची सोय, स्वतः रांधायला जागा. मी दोनदा राहिलोय, चांगली आहेत. पार्किंग पंपाच्या आवारात असल्याने जीव जरा निवांत असतो. फक्त तुम्हाला झोप आली तिथे ते असायला पाहिजे. समृद्धीवर तर सुरुवातीला मैलोन् मैल झाड नाही न् धाबा नाही, दुपारी उभं राहायचं कुठे तेच कळायचं नाही.

सॅक्रामेंटोची_सून | २४ एप्रिल, सकाळी ६:४५

इकडचं थोडं. माझा नवरा कॅलिफोर्नियात ट्रक चालवतो (सासर पंजाबी, माहेर साताऱ्याचं, घरी भांडणं हिंदीत). इथे उभ्या ट्रकचं इंजिन पाच मिनिटांपेक्षा जास्त चालू ठेवता येत नाही, ठरावीक कमी धुराच्या इंजिनांना सवलत आहे, बाकीच्यांना दंड. म्हणून गाड्यांना मागे एक छोटं वेगळं इंजिन असतं, एपीयू म्हणतात, मोठं इंजिन बंद करून त्यावर एसी चालतो, डिझेल अगदी थोडं लागतं. अकरा तास चालवलं की दहा तास सुट्टी घ्यावीच लागते आणि ते सगळं मशीनमध्ये नोंदलं जातं. तरी जुलैमध्ये फिनिक्सकडे त्याचं एपीयू बंद पडलं होतं तेव्हा ट्रक स्टॉपच्या दुकानात फ्रीजच्या शेजारी उभा राहून त्याने दोन तास काढले, शेवटी दुकानदाराने खुर्ची दिली.

कापूसकोंडी | २४ एप्रिल, सकाळी ९:००

दहा तास सुट्टी हे बाबांना सांगितलं तर ते खोटं म्हणतील.

सदाशिव_उवाच | २४ एप्रिल, सकाळी ११:२०

आपल्याकडेही कायदा होता की. मोटर परिवहन कामगार कायदा १९६१ (२०२५ पर्यंत लागू), दिवसाला आठ तास, लांब पल्ल्याला दहा, आणि सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती. (काल हसलो म्हणून आज वाचून आलो.)

हिंगणघाटचा_वस्ताद | २४ एप्रिल, सकाळी ११:४१

कायदा माह्यापेक्षा थोडा मोठा आहे वयानं. भेट झाली नाही कधी.

रातपाळी_सिस्टर | २४ एप्रिल, दुपारी ३:३०

मी यवतमाळ जिल्ह्यात नर्स आहे, हायवेच्या जवळ. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे ड्रायव्हर येतात, म्हणजे आणले जातात. दोन-तीन गोष्टी सांगते.

पंखा. हवा ३५ पर्यंत आहे तोवर पंखा बरा, ४० च्या वर नुसता पंखा म्हणजे अंगावर भट्टीची फुंकर. अंग ओलं असेल तरच तो कामाचा. ओला बनियन, ओला दुपट्टा, मान आणि काखा ओल्या, मग पंखा.

पाणी. ड्रायव्हर पाणी मुद्दाम कमी पितात कारण थांबायला जागा नाही, आणि मग मुतखडा घेऊन येतात. लघवी गडद पिवळी झाली की समजायचं पाणी कमी पडतंय. ताक, लिंबू-मीठ-साखर, कैरीचं पन्हं, आंबील, काहीही चालेल, ओआरएसची पाकिटं डॅशबोर्डवर ठेवा. खिशात कांदा ठेवा, माझी हरकत नाही, माझी आईपण ठेवते, पण कांदा खिशात आहे म्हणून पाणी विसरू नका.

आणि बाबांचं वय ५६ म्हणालात म्हणून विचारते, बीपीची गोळी चालू आहे का? काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, उन्हाळ्यात डॉक्टरांना विचारून डोस बघावा लागतो. थंड भागातून आलेला ड्रायव्हर पहिल्या आठवड्यात जास्त आजारी पडतो, शरीराला उन्हाची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. कोणी असंबद्ध बोलायला लागला, चालताना झोक जातोय, अंग तापलंय, तर झोपलाय, झोपू दे असं म्हणू नका. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला, १०८ लावा. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका. मागच्या वर्षी असाच एक जण दुपारभर धाब्यावर 'झोपलेला' होता. सोबतचे म्हणाले दारू प्यालाय. दारू नव्हती.

बॅटरी_बंधू | २४ एप्रिल, संध्या. ७:१०

ताई, विचार केला तुमच्या प्रश्नाचा. बाबांचा रूट सगळा कोरडा, अकोला ते हैदराबाद. मग कूलरच बरा. २४ व्होल्टचा पंखा आणि छोटा पंप मिळून ७०-८० वॉट, म्हणजे तीन-साडेतीन अँपिअर. सहा तास चालला तरी वीस एएच, बॅटरीला कळणारपण नाही. क्लिनर साइडच्या खिडकीच्या मापाचा पत्र्याचा डबा बनवून घ्या, आत वाळ्याची ताटी, खाली दहा लिटरची टाकी. ड्रायव्हर साइडची काच चार बोटं उघडी ठेवायची, नाहीतर आतली हवा दमट होऊन उलट घाम सुटतो. निघताना काढून मागे ठेवायचा. शेठची गाडी असली तरी कूलर तुमचाच राहतो. अकोल्यात कूलरवाले कमी आहेत का?

हिंगणघाटचा_वस्ताद | २४ एप्रिल, रात्री ८:००

हे बेस. पहिले आमी आरशाच्या दांडीले छागल लटकवत होतो, कॅनव्हासची पाण्याची पिशवी, चालत्या गाडीत वारं लागून पाणी असं गार होत होतं का दात दुखन. तोच धंदा हा, फक्त पंखा लावलेला. टपावर आतून चंदेरी फोम बी चिकटव ताई, आन समोरच्या काचेले खोक्याचा पुठ्ठा कापून बसव, एकदम मापात. आजकाल केबिन पुरी लोखंडी, पहिले शेठ लोक नुसती चेसी घेऊन बॉडीवाल्याकडून लाकडी केबिन बांधून घेत होते, ते इतकी तापत नव्हती. ठोकर लागली तर मात्र चुरा.

कापूसकोंडी | २ मे, रात्री ९:२५

अपडेट. अकोल्यातच जुन्या कॉटन मार्केटजवळ एकाने डबा बनवून दिला, पंखा-पंप-ताटी-फिटिंग सगळं मिळून ४,८०० रुपये. शेठला विचारलं, तो म्हणाला खिडकीला भोक पाडू नका, बाकी काहीही करा. पुठ्ठा आणि चंदेरी फोम मी स्वतः बसवला, बाबा खाली उभं राहून चुका काढत होते. घड्याळ केबिनमध्येच ठेवलंय. काल पांढरकवड्याजवळून फोटो पाठवला, दुपारी तीनला ३४. बीपीच्या गोळीचं डॉक्टरांना विचारलं, बदलून दिली, @सिस्टर तुमचे विशेष आभार.

एकच घोळ झालाय. नेहमीच्या धाब्यावर कूलरची बातमी पसरली. आज दुपारी फोन केला तर बाबा बाहेर खाटेवर. म्हटलं केबिनमध्ये का नाही, तर म्हणे एक नांदेडचा पोरगा आणि एक सरदारजी आत झोपलेत, दोघं रात्रभर चालवून आलेत, उठवू कसं.

हिंगणघाटचा_वस्ताद | २ मे, रात्री ९:४०

सरदारजी उंच असन तर पाय ताटीले लागते, ताटी फाटन. सांग बाबाले.